खटका कुणाचा?

४ जून

मुंगीला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला अख्खा दिवस लागला.

फोन तिनेच केला. "मुकादम, बसली आहेस ना? नसलीस तर बस."

मी बसलेलीच होते. कॉलेज संपल्यापासून दुसरं करतेय काय? रुग्णालयांसाठी पलंग, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या बनवतात त्या नदीपलीकडच्या कारखान्यातून बोलावणं. तिथे मीही अर्ज केला होता, तिच्या आधी. तिला पत्ता दिला तोही मीच. "तूही टाकून बघ की," असं म्हणाले होते, अगदी मोठ्या मनाने. मोठं मन परवडत होतं, कारण तिचं काही होईल असं मला वाटलंच नव्हतं.

चार वर्षं आम्ही डिझाइनच्या वर्गात एका टेबलावर बसलो. ती चणीने एवढीशी आणि सदा स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून चाललेली, म्हणून मुंगी. मी हुकूम सोडणार, म्हणून मुकादम. मार्कांत मी कायम वरच्या तिघांत, ती मधल्या गर्दीत. शेवटच्या वर्षाचं काम दोघींनी मिळून केलं: आंघोळीची घडीची खुर्ची. तिचे बाबा वायरमन. शिडीवरून पडले आणि उजवी बाजू अधू झाली. त्यांच्या भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नाही आणि न्हाणीघर जेमतेम एका माणसाचं. तिथे मावेल, एका हाताने मिटेल आणि बसलेलं असताना चुकूनही मिटणार नाही, अशी खुर्ची. परीक्षकांपुढे बोलले मी. बक्षीस घ्यायला पुढे गेले मी. मुंगी मागे खुर्ची धरून उभी होती.

"अरे वा, अभिनंदन!" मी फोनवर म्हणाले. आवाज बरा निघाला. पण तेव्हापासून पोटात दुखतंय. आई विचारते, बाहेरचं काही खाल्लंस का? काय सांगू तिला?

६ जून

मुंगीची वेबसाइट बघितली. बघायची नव्हती, पण बोटांना कोण आवरणार?

पहिलं काम कोणतं? आमची खुर्ची. पानभर फोटो, त्यावर तीन शब्द: "माझ्या बाबांसाठी."

माझ्या! म्हणजे मी त्यात कुठेच नाही. मग तो खटका काय आभाळातून पडला? माणूस बसला की त्याच्याच वजनाने खुर्चीचे पाय अडकतात, उठला की सुटतात, तो खटका मी केला. बोटं सोलवटून घेऊन केला. मी फोटोंवरून झरझर खाली गेले. मध्ये लांबलचक मजकूर होता. मजकूर कोण वाचतं? लॅपटॉप मिटला तो इतक्या जोरात की दादाने पेपरातून डोकं वर काढलं.

आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. ही मुंगी निघाली.

७ जून

वहिनी एका मोठ्या कंपनीत माणसं निवडायच्या कामावर आहे. दिवसभर लोकांचे अर्ज वाचते, त्यातले बहुतेक नाकारते आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्याबरोबर जेवते, जणू काही झालंच नाही. आज ती माझ्या अर्जाकडे वळली.

"एवढी कामं कशाला टाकलीस गं? हे पोर्टफोलिओ आहे की अडगळीची खोली? तीन ठेव."

"सगळीच चांगली आहेत."

"मग त्यातली तीन ठेव. आणि हे काय? 'मेहनती, कल्पक, सर्वांशी जुळवून घेणारी.' हे सगळेच लिहितात. तुझ्या दादानेसुद्धा लिहिलं होतं."

"मी आहेच मेहनती," दादा कोचावर आडवा पडल्या पडल्या म्हणाला.

"सगळ्यांना एकच पत्र पाठवू नकोस. त्यांनी काय बनवलंय ते आधी बघ, मग लिही. आणि ही खुर्ची दोघींची ना? मग कुणी काय केलं ते स्पष्ट लिही. ते विचारतातच."

मग माझ्या तोंडून निघालंच. मुंगीने माझा खटका लाटला, बाबांचं नाव पुढे करून सगळी खुर्ची खिशात घातली, वगैरे. वहिनीने शांतपणे ऐकून घेतलं.

"तिचं पान वाचलंस?"

"बघितलं."

"वाचलंस का, असं विचारतेय मी."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? तिला नोकरी आहे. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले.

९ जून

माझं पान तयार झालं. खुर्ची पहिली. फोटो तोच घेतला, ओल्या फरशीवर सकाळच्या उजेडात खुर्ची उभी आहे तो. सगळ्यांत देखणा तोच आहे. खटक्याचा फोटो अगदी खाली, लहानसा. काळपट लोखंड, ग्रीस माखलेलं, त्यात बघण्यासारखं काय?

खाली लिहिलं: "संकल्पना, आराखडा, घडण." पुढे माझं नाव.

माझंच नाव. तिने माझं लिहिलं नाही, मी तिचं का लिहू? फिट्टंफाट. लिहून झाल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. भूक मात्र लागली, म्हणजे पोटाला काही झालेलं नाही.

नदीपलीकडच्या कारखान्याला नवं पान पुन्हा पाठवलं.

१६ जून

मुंगीला नोकरी लागली.

सांगायला घरी आली. दारातच मला मिठी मारली, म्हणजे माझ्या बरगड्यांना मारली, तेवढीच तिची उंची. आईच्या पाया पडली. आईचे डोळे भरून आले. माझ्या निकालाला भरले नव्हते.

"आमच्या हिचं पण बघ गं काहीतरी," आई म्हणाली. भर बैठकीत! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"हिचं काय बघायचं काकू? हिला तर ते स्वतःहून बोलावतील," मुंगी म्हणाली आणि माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली.

ते हसणं मी नीट ओळखते. नोकरी लागलेल्या माणसाचं हसणं.

ती गेल्यावर आई म्हणाली, "किती साधी आहे पोर!" मी म्हणाले, "हो, फारच साधी." वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. न बोलण्याचा तिला पगार मिळत असणार.

२४ जून

दोन नकार. बाकीच्यांनी नकार कळवायचेही कष्ट घेतले नाहीत. वर्गातल्या एकाने कुठल्याशा कार्यालयात लागल्याचा फोटो टाकला, गळ्यात ओळखपत्र घालून. मी त्याला अंगठा दिला आणि फोन उशीखाली पालथा घातला.

२८ जून

बोलावणं! नदीपलीकडच्या कारखान्यातून! तिथल्या प्रमुख बाईंनी स्वतः फोन केला. बुधवारी या, म्हणाल्या.

बघा, नवं पान पाठवलं आणि लगेच बोलावलं. शेवटी खऱ्याला मरण नाही. वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "छान. खुर्चीबद्दल सगळं तयार करून जा." माझीच खुर्ची, तिची काय तयारी करायची?

संध्याकाळी मुंगीचा फोन. "काय मुकादम, काही खबर?" आवाजात नुसता खोडकरपणा.

"कुठली खबर? काही नाही."

"काहीच नाही?" ती म्हणाली. "बरं. होईल गं."

तिला कशाला सांगू? तिथेच जाऊन शेजारच्या टेबलावर बसेन, तेव्हा कळेलच. जमलं तर तिच्या वरच्या टेबलावर.

३ जुलै

सगळं लिहून काढते. नाहीतर उद्या मीच ते फिरवून लिहीन.

कारखान्याच्या बाई टेबलामागे नव्हत्या. एका अर्धवट बनलेल्या चाकाच्या खुर्चीत बसून मागेपुढे हलत होत्या आणि कान लावून तिची कुरकुर ऐकत होत्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, बाह्या दुमडलेल्या. मुंगी कुठे दिसली नाही. ती मोजमापं घ्यायला एका रुग्णालयात गेली होती. मला हायसं वाटलं.

बाईंनी माझं पान उघडलं. पहिला प्रश्न तोच.

"यातलं तुमचं काय?"

"सगळं," मी म्हणाले. क्षणभरही थांबले नाही. याची मला आता जास्त लाज वाटते.

"सगळं. बरं." त्यांनी फोटो मोठा केला. "हा हाताने धरायचा दांडा सरळ नाही, पुढे झुकवलाय. का?"

मी त्या दांड्याकडे बघितलं. शंभरदा बघितला असेल, पण का झुकलाय हे मनातही आलं नव्हतं. मुंगीने एक दिवस तो वाकवून आणला होता आणि मी म्हटलं होतं, ठीक आहे.

"तसा... दिसायला बरा वाटतो."

"बसल्या जागेवरून उठून बघा."

मी उठले.

"काय केलंत आधी?"

"काही नाही. उठले."

"आधी पुढे झुकलात. प्रत्येक माणूस झुकतो. दांडा सरळ असता तर अधू माणसाला त्याने मागे ओढलं असतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बसण्याची उंची कशावरून ठरवली?"

मी फोटोतली खुर्ची डोळ्यांनी मोजत बसले.

मग त्यांनी मुंगीचं पान उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हे वाचलं असेलच तुम्ही. खटक्याचा सगळा भाग तुमच्या नावावर आहे. 'हे मला जन्मात जमलं नसतं' असं लिहिलंय तिने. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या मागे लागली, त्या मुलीला बोलवा म्हणून. म्हणून फोन केला मी. आमच्या पलंगांचे खटके दर सहा महिन्यांनी बिघडतात, मला तो खटका करणारी हवी होती." मग म्हणाल्या, "तुमच्या पानावर तो मला शोधावा लागला."

मी पिशवी मांडीवर ओढली.

"ज्याला आपलं काय आणि दुसऱ्याचं काय हे सांगता येत नाही, त्याच्याबरोबर काम करणं मला जमत नाही. काम वाईट आहे म्हणून नकार देत नाहीये मी." दारापर्यंत सोडायला आल्या. "मी तिला काही सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

४ जुलै

आज मुंगीचं पान वाचलं. खालपर्यंत.

"माझ्या बाबांसाठी" नंतरचं पहिलंच वाक्य असं: "ही खुर्ची आम्ही दोघींनी केली." मग माझं नाव. मग खटक्याचे चार फोटो, माझ्या हातांसकट. मग तिने काय केलं ते, मोजकं.

बसायची उंची ठरवायला तिने बाबांना घरातल्या प्रत्येक वस्तूवर बसवून बघितलं होतं. स्टूल, पेटी, पुस्तकांचा गठ्ठा, पालथी बादली. मला माहीतच नव्हतं. ती हे सांगत असेल तेव्हा मी बहुतेक बोलत असेन.

आणि खरं सांगू? लाज वाटली, पण लाजेच्या आधी हेवाच वाटला. तिच्या कामाचा नाही, तिच्या चांगुलपणाचा. मार्कांत मागे टाकता येतं, चांगुलपणात काय करायचं?

९ जुलै

मुंगीकडे गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी सारवासारव केली असती.

बाबा बाहेरच्या खोलीत डाव्या हाताने पंख्याची कळ दुरुस्त करत होते. "ये पोरी ये. अगं, मुकादम आली बघ!" असं आत ओरडले. मुंगी हात पुसत आली. माझा चेहरा बघून मला सरळ गच्चीवर घेऊन गेली.

"तिथे नाही झालं ना? बाई काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं होतं नक्की होईल. काय विचारलं गं?"

मी काही न बोलता माझं पान उघडून फोन तिच्या हातात दिला. तिने वाचलं. वाचायला होतंच काय, तीन शब्द आणि एक नाव. मग तिने बोटांनी फोटो मोठा केला. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं.

"फोटो मी काढलाय," ती म्हणाली.

"हो."

"ओल्या फरशीवर पालथी पडून काढलाय. निदान फोटोपुरतं तरी लिहायचंस."

"मला वाटलं तू माझं नाव..." मी सुरुवात केली आणि थांबले. तेही खोटंच झालं असतं. "मी तुझं पान वाचलंच नव्हतं. तुला आधी बोलावलं म्हणून माझा जळफळाट झाला. एवढंच आहे. पुढे काही नाही."

मुंगीने फोन परत दिला. तिचा आवाज बारीक झाला होता. "मलाही वाटलं होतं तुझं नाव गाळावं. बक्षिसाच्या दिवशी तू एकटी पुढे गेलीस ना, तेव्हापासून वाटत होतं. दोनदा पुसलं मी ते."

"मग?"

"मग परत लिहिलं. करणार काय? खटका तुझाच होता ना."

मला तिचा हात धरावासा वाटला. ती मागे सरकली.

"तू जा आता. राग आलाय मला. आत्ता माझ्याकडून गोड बोलणं व्हायचं नाही."

मी निघाले. बाबा म्हणाले, "एवढ्यात? चहा तरी घेऊन जा." मी म्हणाले, पुन्हा येईन. पुन्हा यायला मिळेल का, ठाऊक नाही.

२१ जुलै

मुंगीचा फोन नाही. मीही केला नाही. केला तर ती उचलेल आणि बरं बोलेल, आणि मग मला कळणार नाही ते खरं की नुसतं तिचं वळण.

माझं ते पान काढून टाकलं. वहिनीला सगळं सांगितलं. वाटलं, आता 'मी म्हटलं नव्हतं का' येणार. ती म्हणाली, "सरक जरा," आणि माझ्या शेजारी बसली.

"तुला काय करायला आवडतं? सांगायला बरं वाटतं ते नको. हातात घेतलंस की जेवायचं विसरतेस ते."

"खटके," मी म्हणाले. बोलल्यावर माझं मलाच हसू आलं. "बिजागऱ्या. घड्या. मिटतं आणि उघडतं ते सगळं."

"मग तेवढंच दाखव. बिघडलेलेही दाखव, कसे सुधारलेस तेही. आणि मिटणाऱ्या उघडणाऱ्या वस्तू कोण बनवतं ते शोध. सरसकट अर्ज करणं बंद."

बिघडलेले खटके मी एका पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. वहिनीने ते टेबलावर मांडले आणि दादाला चहा तिकडे ठेवायची बंदी केली.

२६ जुलै

मुंगीकडून फोटो आले. खटक्याचे, पुष्कळ. मोडलेला, वाकलेला, पहिल्यांदा लागला तेव्हाचा. ती हे सगळं टिपत होती आणि मला पत्ताही नव्हता. खाली एक ओळ: "फोटो कुणी काढले ते लिहायला विसरू नकोस." पुढे काही नाही. हसरं तोंडही नाही.

लिहिलं. प्रत्येक फोटोखाली लिहिलं.

१२ ऑगस्ट

प्रवासाच्या बॅगा बनवणारा कारखाना. मी त्यांची एक बॅग घरी आणून आठवडाभर उघडमीट केली होती आणि तिचं कुलूप कुठे दगा देतं ते पत्रात लिहिलं होतं. त्यावरून बोलावलं.

तिथले प्रमुख टक्कल पडलेले, घाईतले. मी डबा उघडला आणि त्यांची घाई संपली. एकेक खटका हातात घेऊन चालवून बघत होते, मोडलेलेसुद्धा. मोडलेलेच जास्त. मग खुर्चीचं पान आलं आणि तोच प्रश्न आला.

"यातलं तुमचं काय?"

"खटका माझा. पायांची घडी माझी. बसायची उंची, हा दांडा, माणूस कसा बसतो, कसा उठतो, ते सगळं माझ्या मैत्रिणीचं."

"दांडा पुढे का झुकलाय?"

मी सांगितलं. कुणाकडून शिकले तेही सांगितलं.

त्यांनी मान हलवली. "सहा महिने कच्ची नोकरी, मग बघू. एक तारखेपासून या." एवढ्या सहज म्हणाले की मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा आनंद झाला, अगदी खरा. टेबलाची कड घट्ट धरून बसले.

आणि तेवढ्यात ते पुन्हा त्या फोटोकडे वळले.

"हा दांडा करणारी कोण म्हणालात? आमचं बॅगेच्या मुठीवर कधीपासून घोडं अडलंय. अशी नजर असलेलं माणूस मिळत नाही. नाव काय तिचं?"

पोटात कळ आली. तीच ती, जुनी. माझ्या नोकरीला अजून पाच मिनिटं झाली नव्हती आणि इथेही मुंगी. तिला नोकरी आहे, ती यायची नाही, असं सांगून मोकळी होता आलं असतं. खोटंही नव्हतं ते.

मी तिचं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी कागदाच्या कडेला लिहून घेतलं. मला समोरून उलटं दिसत होतं. आडनाव चुकलं होतं, मधलं एक अक्षर भलतंच. असं शोधलं असतं तर जगाच्या अंतापर्यंत ती त्यांना सापडली नसती.

मी माझी पिशवी उचलली. डबा बंद केला. उभी राहिले.

मग पुन्हा बसले, त्यांच्याकडून पेन मागून घेतलं आणि ते अक्षर नीट केलं.